कॉन्फिग तपासणाऱ्या साधनाचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी कसं लिहावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉन्फिग फाइल, म्हणजे प्रोग्रामने कसं वागायचं ते सांगणारी सेटिंगची फाइल, प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमवर) जाण्याआधी तपासून घ्यायची सवय आपल्याला जुनी आहे. एनजिनेक्स या वेब सर्व्हरला ‘डॅश टी’ देतो, क्लाउडवरची यंत्रणा उभी करणाऱ्या टेराफॉर्मला ‘व्हॅलिडेट’ म्हणतो, स्वतः लिहिलेली एखादी पायथन स्क्रिप्ट चालवतो. आता याच कमांड कोडिंग एजंट, म्हणजे स्वतः कोड लिहिणारे आणि कमांड चालवणारे एआय प्रोग्राम, चालवतात, आणि आपण लिहिलेलं डॉक्युमेंटेशन वाचून काय झालं ते ठरवतात. त्यावरून टीममध्ये आणि ओळखीच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कमांड आणि की-शब्द देवनागरीत, आपण बोलताना उच्चारतो तसे दिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच ते रोमन लिपीत टाइप करायचे.

हे पान कोणासाठी आहे?

ज्यांच्याकडे कॉन्फिग तपासणारं साधन आहे, मग ते घरचं असो वा बाहेरून घेतलेलं, आणि ज्यांच्या रिपोत, म्हणजे कोडच्या भांडारात, एजंट काम करतो, त्यांच्यासाठी. एजंट कोणत्या कंपनीचा आहे याने इथल्या उत्तरांत फारसा फरक पडत नाही.

माणसांसाठीचं मॅन्युअल आहेच. एजंटसाठी वेगळं कशाला लिहायचं?

वेगळं मॅन्युअल लिहायची गरज बहुतेक वेळा नसते. आहे त्यातल्या न लिहिलेल्या गोष्टी लिहून काढायची गरज असते.

नवी मुलगी टीममध्ये येते तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्याला विचारते, “ही वॉर्निंग रोजच येते का?” शेजारचा म्हणतो, “हो, येते, सोड.” ही माहिती कुठल्याच पानावर नसते, तरी काम चालतं. एजंटला असा शेजार नाही. प्रत्येक नव्या सत्रात तो कोरी पाटी घेऊन बसतो, आणि समोर जे लिहिलेलं असेल त्यावर चालतो. जिथे काही लिहिलेलं नसतं तिथे तो सहसा थांबत नाही, अंदाज बांधतो. तो अंदाज इतक्या नीटनेटक्या भाषेत मांडलेला असतो की तपासणाऱ्यालाही तो माहितीसारखाच वाटतो.

दुसरा फरक वेगाचा. माणूस तीनदा अडला की खुर्चीवरून उठतो, कोणाला तरी हाक मारतो. एजंट तेवढ्या वेळात वीस बदल करून वीसदा तपासणी चालवून मोकळा होतो. एररमधला एक शब्द दिशाभूल करणारा असेल तर वीसही पावलं चुकीच्या वाटेवर पडतात.

सुरुवात कशाने करावी?

‘पास’ म्हणजे नेमकं काय, याने. पहिल्या परिच्छेदात. इन्स्टॉल कसं करायचं, इतिहास काय, हे सगळं नंतर.

‘व्हॅलिड’ या शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. फाइलची वाक्यरचना बरोबर आहे. तिचा आकार ठरल्याप्रमाणे आहे, म्हणजे हव्या त्या की आहेत आणि मूल्यांचे प्रकार जुळतात. तिने उल्लेख केलेल्या गोष्टी, म्हणजे फाइल, सर्टिफिकेट, दुसरा विभाग, खरोखर जागेवर आहेत. आणि चालू सिस्टिम ही कॉन्फिग स्वीकारून अपेक्षेप्रमाणे वागेल. बहुतेक साधनं पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत जातात, काही तिसरीपर्यंत, चौथीपर्यंत जवळपास कोणी नाही. पण सगळी साधनं शेवटी ‘ओके’ असंच म्हणतात.

एनजिनेक्सचं उदाहरण घ्या. ‘एनजिनेक्स डॅश टी’ वाक्यरचना तपासतं आणि मग कॉन्फिगमध्ये नमूद केलेल्या फाइल उघडून बघतं. सर्टिफिकेट आणि त्याची खासगी की यांची जोडी जुळत नसेल तर ते तिथेच अडवतं. अपस्ट्रीममध्ये (विनंत्या पुढे ज्या सर्व्हरकडे पाठवायच्या त्यांच्या यादीत) दिलेल्या होस्टचं नाव डीएनएसमध्ये सापडलं नाही तरीही अडवतं. पण त्या होस्टवरचा सर्व्हर चालू आहे का, हे ते पाहत नाही. सर्टिफिकेटची मुदत कालच संपलेली असली तरी ‘टेस्ट इज सक्सेसफुल’ हेच उत्तर येतं. हे ज्याला माहीत नाही असा एजंट काम संपल्यावर लिहितो, “कॉन्फिग तपासली आहे, साइट व्यवस्थित चालेल.” वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा त्याने आपल्या पदरचा घातला आहे.

बाकी साधनांचंही असंच. दूरवरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरचं ‘एसएसएचडी डॅश टी’ फाइल आणि होस्ट-की तपासतं. पण परवानगीच्या यादीतून तुम्ही स्वतःचंच नाव काढलं असेल तर ती फाइल त्याच्या लेखी अगदी बरोबर असते, आणि सर्व्हर नव्याने सुरू केल्यावर तुम्ही बाहेर. ‘टेराफॉर्म व्हॅलिडेट’ क्लाउडशी बोलतच नाही, फक्त फाइली आपसात सुसंगत आहेत का ते पाहतं. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीजमध्ये ‘ड्राय-रन’, म्हणजे रंगीत तालीम, क्लायंटवर केला तर पाठवायचा ऑब्जेक्ट नुसता छापला जातो. सर्व्हरवर केला तर विनंती खरोखर सर्व्हरकडे जाते, तिथल्या प्रवेश-नियमांतून जाते आणि फक्त साठवली जात नाही. कमांडच्या नावात एका शब्दाचा फरक, पण ‘पास’चे अर्थ कोसभर दूर.

म्हणून माझा आग्रह असा की पानाच्या डोक्यावर तीन ओळी असाव्यात: हे साधन काय तपासतं, काय तपासत नाही, आणि जे तपासत नाही ते कुठल्या कमांडने किंवा कोणाकडून तपासून घ्यायचं. मधली ओळ लिहायला लोक कचरतात. आपल्याच साधनाचं उणं आपणच का सांगायचं, असं वाटतं. पण एजंटला सगळ्यात जास्त उपयोग त्याच ओळीचा होतो.

व्हॅलिडेटरने, म्हणजे तपासणाऱ्या साधनाने, पास केल्यावरही मोठं नुकसान झाल्याचं खरं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते सगळ्यांना आठवत असेल. १९ जुलै २०२४ रोजी, आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजायला आले असताना, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजवरच्या आपल्या सेन्सरसाठी (संगणकावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामसाठी) कॉन्फिगरेशनचा एक अपडेट सोडला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या स्क्रीनवर जाऊन अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतला, पण बंद पडलेली यंत्रं आपोआप उठणार नव्हती. कित्येक ठिकाणी माणसांना एकेका मशीनपाशी जावं लागलं.

त्या अपडेटसाठी व्हॅलिडेटर होता आणि त्याने तो पास केला होता. व्याख्येत २१ इनपुट होते, सेन्सरचा कोड प्रत्यक्षात २० च पुरवत होता. व्हॅलिडेटर २१ येणार असं धरून चालला. आधीच्या अपडेटमध्ये एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे तिकडे कोणी बघितलंच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे खरी अट आली आणि सेन्सर मेमरीच्या हद्दीबाहेर वाचायला गेला.

यात एआय एजंटचा काही संबंध नव्हता. पण डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने यातून एक प्रश्न उचलावा: आपलं साधन कशाच्या आधारावर तपासतं, प्रत्यक्ष प्रोग्रामच्या की प्रोग्रामच्या वर्णनाच्या? वर्णनाच्या आधारावर असेल, आणि बहुधा तसंच असतं, तर हे वर्णन प्रोग्रामच्या कुठल्या आवृत्तीशी जुळतं तो आकडा पानावर असायलाच हवा.

आमच्याकडे जेसन स्कीमा आहे. एजंट तो वाचू शकतो. मग गद्य कशाला?

स्कीमा, म्हणजे फाइलचा ठरलेला आकार लिहून ठेवणारी नियमावली, ‘काय चालेल’ ते सांगतो, ‘का’ आणि ‘केव्हा’ ते सांगत नाही. ‘टाइमआउट’ १ ते ३०० सेकंद असू शकतो हे त्यातून कळतं. पुढच्या लोड बॅलन्सरचा टाइमआउट ६० असल्याने इथे ६० पेक्षा मोठा आकडा लिहिणं निरर्थक आहे, हे नाही कळत.

शिवाय जेसन स्कीमाचे काही स्वभाव असे आहेत की वाचणारा, मग माणूस असो वा एजंट, उलट समजूत करून घेतो. ‘अॅडिशनल प्रॉपर्टीज’ ला ‘फॉल्स’ दिलं नसेल तर अनोळखी की बिनबोभाट पास होते. म्हणजे ‘टाइमआउट’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर एरर येत नाही; ते मूल्य दुर्लक्षित होतं आणि प्रोग्राम स्वतःचं नेहमीचं मूल्य वापरतो. आणि ‘फॉल्स’ दिलं तरी ‘ऑल ऑफ’ने जोडलेल्या दुसऱ्या स्कीमातल्या की त्याला दिसत नाहीत, त्या तो परक्या समजतो. यासाठीच २०१९-०९ च्या मसुद्यात ‘अनइव्हॅल्युएटेड प्रॉपर्टीज’ आलं. ‘डीफॉल्ट’ लिहिल्याने मूल्य आपोआप भरलं जात नाही, ती नुसती नोंद असते. ‘फॉरमॅट’मध्ये ईमेल लिहिलं तरी नव्या मसुद्यांत ते मुळात तपासलं जाईलच असं नाही, लायब्ररीत तो पर्याय चालू करावा लागतो.

यातली तुमच्या साधनाला लागू असलेली प्रत्येक गोष्ट एकेका सरळ वाक्यात लिहा. “अनोळखी की आढळल्यास हे साधन एरर देतं” किंवा “देत नाही”. यापैकी कुठलं वाक्य तुमच्या साधनाला लागू आहे हे तुम्हाला आत्ता खात्रीने सांगता येत नसेल, तर आधी एक चुकीच्या स्पेलिंगची फाइल देऊन बघा.

यॅमलबद्दल खास काही लिहावं लागतं का?

लागतं. यॅमल ही कॉन्फिग लिहायची एक लोकप्रिय पद्धत. यॅमलमध्ये फाइल व्हॅलिडेटरपर्यंत पोहोचण्याआधीच मूल्य बदललेलं असतं, आणि मग व्हॅलिडेटर बदललेल्या मूल्याबद्दल बोलतो. एजंटला फाइलमध्ये एक दिसतं, एररमध्ये दुसरं, आणि तो गोंधळतो.

नॉर्वेच्या देश-कोडची गोष्ट प्रसिद्ध आहे: अवतरण चिन्हांशिवाय लिहिलेला ‘एनओ’ यॅमल १.१ मध्ये ‘फॉल्स’ होतो. पण आपल्या घरातलं उदाहरण याहून बोलकं आहे. शाखांचे एसटीडी कोड यॅमलमध्ये लिहून पाहा. पुण्याचा ०२० हा यॅमल १.१ च्या नियमाने अष्टमान पद्धतीतला आकडा ठरतो आणि वाचल्यावर १६ होतो. मुंबईचा ०२२ होतो १८, नाशिकचा ०२५३ होतो १७१, नागपूरचा ०७१२ होतो ४५८. पणजीचा ०८३२ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नसतो, त्यामुळे तो मजकूर म्हणून वाचला जातो. एकाच यादीत चार शहरांचे आकडे बिघडलेले आणि एकाचा मजकूर शाबूत. यॅमल १.२ चे नियम पाळणारा पार्सर (फाइल वाचून मूल्यं काढणारा प्रोग्राम) असेल तर आणखी तिसरंच: ०२० चे २० होतात आणि ०८३२ चे ८३२. पायथनची प्रचलित लायब्ररी, पाययॅमल, अजून १.१ च्या नियमांनी चालते. १.२ प्रसिद्ध झालं २००९ मध्ये.

असंच ‘२२:२२’ हे पोर्टचं जोडपं १.१ मध्ये साठमान पद्धतीने १३४२ होतं, आणि आवृत्ती १.१० लिहिली की ती १.१ होऊन बसते. एकच की दोनदा आली तर नियमाप्रमाणे ती चूक आहे, पण पुष्कळ पार्सर गुपचूप शेवटची ठेवतात.

डॉक्युमेंटेशनमध्ये तीन गोष्टी पुरतात: पार्सर कोणता आणि यॅमलच्या कुठल्या आवृत्तीचे नियम पाळतो, कोणकोणत्या की अवतरणातच लिहायच्या, आणि एकच की दोनदा आली तर काय होतं.

एक्झिट कोड किती तपशिलात लिहावेत?

एक्झिट कोड म्हणजे कमांड संपताना ती मागे ठेवते तो आकडा. प्रत्येक कोड, प्रत्येकाचा अर्थ, आणि प्रत्येक कोड आल्यावर पुढे काय करायचं. याबाबत मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होतो तिथल्या तपासणी-स्क्रिप्टला दोनच कोड माहीत होते: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे बाकी सगळं. माणसं होती तोवर चाललं. पुढे तीच स्क्रिप्ट एजंटच्या हाती आली. एके दिवशी स्कीमा जिथून डाउनलोड व्हायचा तो अंतर्गत सर्व्हर बंद होता. स्क्रिप्टने म्हटलं, “स्कीमा मिळाला नाही”, कोड १. एजंटने याचा अर्थ घेतला की कॉन्फिगमधल्या ज्या विभागाला हा स्कीमा लागतो तो विभागच चुकीचा आहे. त्याने विभाग काढून टाकला. आता त्या स्कीमाची गरजच उरली नाही, तपासणी पास झाली, आणि “व्हॅलिडेशन एरर दुरुस्त केला” असा बदल रिव्ह्यूला आला. ज्याने तो रिव्ह्यू केला त्याला तो विभाग कशासाठी आहे हे ठाऊक होतं म्हणून वाचलो.

‘फाइल चुकीची आहे’ आणि ‘मला तपासताच आलं नाही’ या दोन गोष्टींना वेगळे कोड हवेतच. पहिल्यात फाइल दुरुस्त करायची, दुसऱ्यात फाइलला हातही लावायचा नाही. एनजिनेक्सची तपासणी रूटचे अधिकार नसताना चालवली तर खासगी की किंवा लॉग फाइल उघडता येत नाही म्हणून ती नापास होते. कॉन्फिगमध्ये दोष नसतोच. हे वाक्य पानावर असेल तर एजंट अधिकार मागेल. नसेल तर सर्टिफिकेटचा मार्ग बदलून बघेल.

सगळीकडे ‘शून्य नाही म्हणजे चूक’ असंही नसतं. ‘टेराफॉर्म प्लॅन’ला ‘डिटेल्ड एक्झिटकोड’ दिलं तर ० म्हणजे बदल नाही, १ म्हणजे एरर, आणि २ म्हणजे सगळं नीट झालं व बदल करायचे आहेत. दोन फाइलींची तुलना करणारं ‘डिफ’ १ देतं तेव्हा फाइलींत फरक सापडलेला असतो, एवढंच. तुमचं साधन अशी वेगळी प्रथा पाळत असेल तर ते ठळक लिहा. युनिक्समध्ये कॉन्फिगच्या चुकीसाठी ७८ हा आकडा फार पूर्वीपासून नेमलेला आहे. नवं साधन लिहीत असाल तर तो घ्यायला हरकत नाही.

वॉर्निंगचं काय, हेही इथेच सांगून टाका. वॉर्निंग असताना कोड ० येतो का? कडक मोड आहे का? नेहमी येणाऱ्या आणि सोडून द्यायच्या वॉर्निंग कोणत्या? ती शेजारच्याच्या तोंडची माहिती, ती इथे लिहायची.

एरर मेसेज कसा असावा?

“अवैध मूल्य” हा मेसेज नव्हे. त्यापेक्षा असा: “प्रॉड फाइल, ओळ ४२, /सर्व्हर/टाइमआउट: १ ते ३०० मधला पूर्णांक हवा, मिळाला मजकूर ‘३०से’. नियम क्र. १७.” कुठे, काय हवं होतं, काय मिळालं, आणि नियमाचा न बदलणारा क्रमांक. क्रमांक यासाठी की डॉक्युमेंटेशनमध्ये तोच शोधून एजंटला त्या नियमाचं स्पष्टीकरण सापडतं. मेसेजची भाषा पुढच्या आवृत्तीत सुधारली तरी क्रमांक टिकतो.

मार्ग दाखवायला २०१३ ची जेसन पॉइंटरची पद्धत चांगली आहे, पण तिच्यात कीमधल्या तिरप्या रेघेच्या जागी टिल्डे आणि १ येतात. कुबरनेटीजच्या अॅनोटेशनमध्ये अशा रेघा नेहमी असतात. एररमधला मार्ग फाइलमध्ये शोधून सापडत नाही तेव्हा कारण हेच असतं.

साधन पहिल्या चुकीला थांबतं की सगळ्या चुका एकदम सांगतं, हे लिहायचं राहून जातं. एनजिनेक्स पहिल्याच गंभीर चुकीला थांबतं. एजंटला ते ठाऊक नसेल तर दुरुस्तीनंतर आलेला नवा एरर आपल्याच बदलामुळे आला असं समजून तो चांगली दुरुस्ती मागे घेतो. हे मी एकाच आठवड्यात तीनदा पाहिलं.

आणि निकाल कुठे छापला जातो? कमांडचे छापायचे दोन वेगळे मार्ग असतात: नेहमीच्या निकालाचा स्टँडर्ड आउटपुट आणि तक्रारींचा स्टँडर्ड एरर. एनजिनेक्स आपला ‘सक्सेसफुल’सुद्धा स्टँडर्ड एररवर छापतं. फक्त स्टँडर्ड आउटपुट पकडणाऱ्याच्या हाती रिकामी ओळ येते. ‘टेराफॉर्म व्हॅलिडेट’ला जेसनमध्ये निकाल मागता येतो, त्यात व्हॅलिड आहे की नाही, एरर किती, वॉर्निंग किती आणि प्रत्येकाचं ठिकाण असं सगळं वेगवेगळं मिळतं. तुमच्या साधनात असा पर्याय असेल तर एजंटच्या पानावर तीच कमांड द्या, रंगीत आणि चौकटीतली नको.

एजंट फाइल दुरुस्त करायच्या ऐवजी स्कीमाच सैल करतो. डॉक्युमेंटेशनने हे थांबतं का?

कमी होतं, थांबत नाही. “स्कीमाच्या फोल्डरमध्ये बदल करू नकोस, स्कीमा चुकीचा वाटला तर कारण लिहून थांब” हे स्पष्ट लिहिल्याने खूप फरक पडतो, विशेषतः ‘थांबून काय करायचं’ हेही लिहिलं असेल तर. नुसत्या मनाईपेक्षा दुसरी वाट दाखवलेली मनाई जास्त पाळली जाते. तपासणी बंद करणाऱ्या खुणा, सगळं माफ करणारे पर्याय, ‘स्कीमा नसेल तर सोडून दे’ असं सांगणारे फ्लॅग, या सगळ्यांची नावं घेऊन ते कोणाच्या परवानगीने वापरायचे ते लिहा.

पण कुंपण कागदावर घालून भागत नाही. मर्जच्या, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याच्या, आधीची तपासणी कोडच्या मुख्य शाखेतल्या स्कीमानेच चालली पाहिजे, एजंटने त्याच्या शाखेत बदललेल्या स्कीमाने नाही. स्कीमाच्या फोल्डरला माणसाची मंजुरी सक्तीची करा.

पासवर्ड वगैरे कॉन्फिगमध्ये असतात. काही वेगळी काळजी?

“मिळालं: अमुक” असं एररमध्ये छापणारं साधन पासवर्डही छापतं, आणि तो एजंटच्या संभाषणात आणि लॉगमध्ये जाऊन बसतो. कोणत्या कींची मूल्यं झाकली जातात ते लिहा, आणि झाकलेलं मूल्य कसं दिसतं तेही. नाहीतर एजंट ती फुल्यांची ओळ खरं मूल्य समजून फाइलमध्ये भरून ठेवेल.

उलट दिशेचीही काळजी आहे. एररमधला उतारा फाइलमधून येतो आणि फाइल कोणीही लिहिलेली असू शकते. एखाद्या टिप्पणीत एजंटला उद्देशून सूचना असेल तर ती साधनाच्या तोंडून आल्यासारखी दिसते. फाइलमधला मजकूर नेहमी अवतरणात, ठराविक लांबीला कापून द्या आणि हा मजकूर म्हणजे सूचना नव्हेत, हे पानावर नोंदवा.

हे सगळं ठेवायचं कुठे?

साधनाच्या ‘हेल्प’मध्ये मुख्य गाभा, रिपोच्या मुळाशी असलेल्या ‘एजंट्स डॉट एमडी’ फाइलमध्ये कमांड आणि दोन-चार नियम, आणि नियमांची सविस्तर यादी वेगळ्या फाइलमध्ये. एजंट्स फाइल प्रत्येक वेळी वाचली जाते, म्हणून ती छोटी हवी. तीच माहिती तीन ठिकाणी हाताने लिहू नका. सहा महिन्यांत तिघींचं आपसात पटेनासं होतं.

साधन एमसीपीमधून देत असाल, म्हणजे एजंटला बाहेरची साधनं जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने खुला केलेला तो प्रोटोकॉल, तर एक बारकावा लक्षात ठेवा. त्यात उत्तराबरोबर ‘इझ एरर’ ही खूण असते आणि ती साधन चालण्यात अडचण आल्यास लावायची. फाइलमध्ये चुका सापडल्या तर साधनाने आपलं काम चोख केलं आहे. खूण लावू नका, निकालात ‘व्हॅलिड: फॉल्स’ द्या. एक्झिट कोडचा मुद्दा इथेही तोच आहे.

उदाहरणं किती द्यावीत?

थोडी, पण पूर्ण आणि चालणारी. एजंट उदाहरण जसंच्या तसं उचलतो, त्यातल्या नमुन्याच्या पोर्टसकट. प्रत्येक उदाहरण पाइपलाइनमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) साधनानेच तपासलं जाऊ द्या. चुकीची उदाहरणं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत ते मुद्दाम चुकीचं आहे असं लिहा.

डॉक्युमेंटेशन मराठीत लिहिलं तर चालेल का?

चालतं. आजचे मोठे एजंट मराठी सूचना समजतात. टीम मराठीत विचार करत असेल तर नियमामागचं कारण मराठीतच नेमकं उतरतं. की-शब्द, कमांड आणि एररचा मूळ मजकूर मात्र साधनात असतो तसाच ठेवा, भाषांतर नको. एजंटला तो अक्षरशः शोधायचा असतो. देवनागरी मजकुराला बऱ्याच मॉडेलमध्ये टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) जास्त लागतात, म्हणून रोज वाचली जाणारी फाइल आटोपशीर ठेवा.

मूल्यांमध्ये देवनागरी येत असेल तर दोन जागा सांभाळा. पहिली, अंक. पायथनचं ‘इंट’ देवनागरीतल्या ८०८० चा बिनतक्रार आकडा करतं, आणि पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकाचा संकेतही देवनागरी अंक मान्य करतो. जावास्क्रिप्टमध्ये तोच संकेत फक्त ० ते ९ च्या रोमन रूपांना चालतो. एकच नियम, दोन साधनं, दोन निकाल. तपासणी कुठल्या भाषेत लिहिली आहे हे म्हणूनच पानावर हवं.

दुसरी जागा आपल्या मराठीचीच आहे. ‘दुसऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोडचं नेहमीचं एकरूपीकरण केलं तरी ते एक होत नाहीत. शाखेचं नाव एका फाइलमध्ये एका कीबोर्डवरून आलं आणि दुसऱ्या फाइलमध्ये दुसऱ्यावरून, की व्हॅलिडेटर म्हणतो “असं नाव नाही”, आणि एजंटला, तुम्हाला, मला, कोणालाच फरक दिसत नाही. अशा ठिकाणी एररमध्ये अक्षरांचे युनिकोड क्रमांक छापायची सोय करा. ओळख पटवण्यासाठी नावाऐवजी रोमन कोड वापरता आला तर त्याहून उत्तम.

आपलं डॉक्युमेंटेशन पुरेसं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

दहा-बारा मोडक्या कॉन्फिग फाइल जमवा, खऱ्या घटनांमधल्या. त्यात एक फाइल अशी ठेवा जी बरोबर आहे पण स्कीमा सर्व्हर बंद आहे, आणि एक अशी जी पास होते तरी प्रॉडक्शनला चालणार नाही. नवं सत्र उघडा, एजंटला फक्त हे डॉक्युमेंटेशन आणि एक फाइल द्या, आणि त्याने काय काय केलं ते ओळीओळीने वाचा. दुरुस्त झालं की नाही यापेक्षा त्याने अंदाज कुठे बांधला ते शोधा. “बहुधा”, “असं दिसतं की” हे शब्द जिथे येतात तिथे पानावरचं एक वाक्य कमी आहे. ते लिहा आणि तीच फाइल पुन्हा नव्या सत्रात द्या.

कधी अपडेट करायचं?

साधनाचा नियम बदलणाऱ्या त्याच मर्ज रिक्वेस्टमध्ये. नियम क्रमांक १७ बदलला आणि त्याच्या पानावरची ओळ बदलली नाही तर पाइपलाइनने मर्ज अडवावा. क्रमांकांची यादी दोन्हीकडे असल्यावर ही तपासणी वीसेक ओळींत लिहून होते.